कुर्स ८६

स्टेनो, ३ मे १९८२

प्रिय बिर्गिट,

तुला ओडेन्सला घरांवर कर्ज देणाऱ्या संस्थेत नोकरी लागली हे तुझ्या वडिलांनी फोन करून तीनदा सांगितलं, एकदा मला आणि दोनदा शेजारणीला. अभिनंदन. आता काकूच्या उपयोगी पड.

ओलुफकाका जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली. त्याची बोट शेवटी एकदाची विकली गेली आणि माझ्या हातात चौदा हजार क्रोनर पडले. हीच बोट घ्यायला आम्ही १९६४ साली घरावर चाळीस हजारांचं कर्ज काढलं होतं, तीस वर्षांच्या मुदतीचं, तुमच्याच संस्थेकडून. अजून चोवीस हजार बाकी आहे असं तुमचा कागद म्हणतो. मला ते कर्ज आत्ताच्या आत्ता संपवायचंय. वरची दहा हजारांची खोट कशी भरून काढायची ते सांग. माडीवरची खोली उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने देता येईल, पण पाहुणे ओले टॉवेल माझ्या चांगल्या खुर्च्यांवर टाकतात.

तू विचारशील की म्हातारपणी एवढी घाई कशाला. ह्या कर्जातल्या काही पैशांचं काय झालं हे मला सतरा वर्षांपासून ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही, तुझ्या काकाजवळही नाही. ते कर्ज माझ्या आधी ह्या घरातून गेलेलं मला बघायचंय. जास्त विचारू नकोस.

इथे लवकरचे बटाटे जमिनीतून वर आलेत.

तुझी,
थीराकाकू


ओडेन्स, ९ मे १९८२

प्रिय थीराकाकू,

वडिलांच्या फोनबद्दल शेजारणीची माफी माग. जास्त विचारू नकोस म्हणालीस, म्हणून नाही विचारत. पण तुझं पत्र आलं आणि मी ते घेऊन सरळ आमच्या साहेबांकडे गेले, कारण मला जे वाटत होतं ते खरं असेल यावर माझाच विश्वास बसत नव्हता. ते खरं आहे.

काकू, तुला चोवीस हजार भरायचेच नाहीत. तेरा हजार दोनशे पुरतील. खोली भाड्याने देऊ नकोस.

नीट सांगते. तुमचं कर्ज म्हणजे संस्थेच्या तिजोरीतले पैसे नव्हेत. संस्था कर्जाइतक्या रकमेचे कर्जरोखे छापते आणि ते बाजारात लोक विकत घेतात. प्रत्येक रोख्यावर शंभराचा, हजाराचा आकडा छापलेला असतो, ती त्याची दर्शनी किंमत. ज्याच्याकडे रोखा असेल त्याला दरवर्षी शंभराला सहा क्रोनर व्याज, आणि शेवटी छापलेले पूर्ण शंभर. तुझे हप्ते आमच्या हातातून जाऊन ह्या लोकांना पोचतात. आम्ही फक्त मध्ये उभे.

आता बाहेर बघ. आज कुठेही पैसे ठेवले तर शंभराला वीस मिळतात. मग सहा देणाऱ्या कागदाला शंभर कोण देईल? कुणी नाही. पंचावन्न देतात. छापलेला आकडा शंभरच राहतो, पण बाजारात त्याचे पंचावन्न होतात. आणि आमचा नियम असा आहे की कर्जदाराने पैसेच आणले पाहिजेत असं नाही. आम्ही त्याच्यासाठी जितके कागद बाजारात सोडले, त्यातले उरलेल्या कर्जाइतके त्याने परत आणून दिले की त्याचं घर मोकळं. म्हणजे तू चोवीस हजारांचे रोखे बाजारातून पंचावन्नच्या भावाने घ्यायचे आणि आमच्या टेबलावर ठेवायचे.

मी हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी जेवणाचा डबा उघडायचा विसरले होते. अजूनही मला ते पुरतं पचलेलं नाही.

तुझी,
बिर्गिट


स्टेनो, १५ मे १९८२

प्रिय बिर्गिट,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. मी अशा घरात वाढले जिथे उसनी घेतलेली चार अंडी चारच परत केली जायची, आणि शेजारणीची मोठी असतील तर आईला दोन दिवस झोप यायची नाही. चोवीस हजार देणं लागत असताना तेरा हजार देऊन मी मान वर करून चर्चमध्ये कशी बसू?

आणि ह्या वाचलेल्या जवळजवळ अकरा हजारांचं नुकसान कोण सोसणार? कुणीतरी असेलच ना, ज्याने तो कागद इतकी वर्षं कपाटात ठेवला, आमच्या घराच्या भरवशावर. समजा कोपनहेगनमधली एखादी विधवा. तिला शंभरऐवजी पंचावन्न देऊन मी माझं घर सोडवून घेतलं, तर ती मला काय म्हणेल? मला ह्या कर्जाचा राग आहे हे खरं, पण तो तिच्यावर काढायचा नाही.

उत्तर साहेबांना विचारून दे. आणि जेवणाचा डबा उघडत जा, तुझ्या आईला मी कळवीन.

थीराकाकू


ओडेन्स, २२ मे १९८२

प्रिय काकू,

साहेब हसले आणि म्हणाले, तुझ्या काकूला आमच्याकडे नोकरी देता येईल. मग गंभीर झाले, आणि मला खाली तळघरात घेऊन गेले.

तिथे लोखंडी कपाटं आहेत. साहेबांनी त्यातून एक रोखा काढून माझ्या हातात दिला, १९६४ च्या मालेतला, म्हणजे तुमच्या कर्जाच्या वेळचा. जाड कागद, कडेने वेलबुट्टी, मध्ये गव्हाची पेंढी आणि शिक्का, आणि ठळक अक्षरांत हजार क्रोनर. त्याला जोडून व्याजाच्या कुपनांचा ताव. जून आणि डिसेंबरमध्ये लोक कात्री घेऊन बसतात, एकेक कुपन कापतात आणि त्याचं व्याज घेऊन जातात. अर्ध्याहून जास्त ताव कापून गेलेला होता. काकू, त्या तावातली जी जागा रिकामी आहे ती तुमच्या हप्त्यांनी रिकामी झालीय. तुम्ही बेटावर मासे विकलेत, आणि इथे कुणीतरी कात्री चालवली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. मी तो कागद हातात धरून उभी होते आणि मला माझे हात धुवून यायला हवे होते असं वाटलं.

तुझ्या विधवेबद्दल. तिच्यावर कुणी जबरदस्ती करत नाही. तिला थांबायचं असेल तर शेवटी पूर्ण शंभर मिळणारच. आज विकते, कारण तिला पैसे आज हवेत, आणि उद्याचे शंभर आज कधीच शंभर नसतात. दुसरं असं की तिनेही मुळात शंभर दिलेले नव्हते. १९६४ मध्येसुद्धा बाहेर व्याज सहाच्या वर होतं, म्हणून ते रोखे तेव्हाही कमी भावाने विकले गेले. म्हणजे काकाने चाळीस हजारांवर सही केली, पण चाळीस हजारांचे रोखे विकून हातात चाळीस हजार आले नसणार. हे तेव्हा सगळ्यांचंच होत असे, आजही होतं.

ह्या भावाला आमच्या धंद्यात कुर्स म्हणतात. कुर्स पंचावन्न म्हणजे शंभराला पंचावन्न. हा शब्द काकाला वेगळ्याच कामासाठी पाठ असणार, त्याचा सगळा जन्म कुर्स धरून बोट हाकण्यात गेला. आमच्याकडे मात्र ह्या शब्दाने बोट हलत नाही.

सोबत अर्ज आहे. खूण केलीय तिथे सही करून लगेच पाठव. हे भाव एका जागी बसून राहत नाहीत.

तुझी,
बिर्गिट


स्टेनो, ३० जून १९८२
(कार्डावर)

बिर्गिट, ऑक्टोबर १९६४ मध्ये तुमचा तो कुर्स किती होता? नक्की आकडा हवा. अंदाजे नको. थी.


ओडेन्स, ५ जुलै १९८२

प्रिय काकू,

पाच आठवडे तुझं पत्र नाही, मी वडिलांना तुझ्याकडे पाठवायच्या बेतात होते, आणि मग एक कार्ड, तेही तारेसारखं. सही कुठे आहे? भाव छप्पन झालाय. तू जूनमधल्या सेंट हान्सच्या सणाच्या शेकोटीत अर्ज टाकलास की काय?

मला कळतंय तुझ्या मनात काय आलंय. काकाला त्या वेळी कुणी फसवलं का, हे तुला तपासायचंय ना? मी जुन्या वह्या काढल्या. तुमचे रोखे विकले गेले २१ ऑक्टोबर १९६४ ला. कुर्स ८६. चाळीस हजारांवर चौतीस हजार चारशे हातात आले, पाच हजार सहाशे कमी. त्या आठवड्यात सगळ्यांना हाच भाव मिळाला. कुणीही फसवलेलं नाही, तू निश्चिंत राहा.

आता कृपा करून सही कर.

बिर्गिट


स्टेनो, ११ जुलै १९८२

प्रिय बिर्गिट,

सही केलेला अर्ज सोबत आहे. आता मी लिहिते ते शेवटपर्यंत वाच आणि तुझ्या वडिलांना सांगू नकोस.

पाच आठवडे मी लिहिलं नाही, कारण तुझ्या पत्रातला तो शब्द वाचल्यापासून मला तुला विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारलं, आणि तू जो आकडा लिहिलास तो मला पाठ आहे. तो मी सतरा वर्षांपूर्वी ओलुफच्या अक्षरात वाचला होता.

कर्जाचे पैसे आणायला ओलुफ वकिलाकडे स्वेन्बोर्गला गेला, जुन्या बोटीनेच. संध्याकाळी यायचा तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, म्हणाला धुकं होतं. मी विचारलं, सगळे मिळाले? त्याने आपल्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, मिळाले. त्या हिवाळ्यात केबिनमधलं सामान घरी आणून वाळवताना मी बोटीची नोंदवही चाळली. एकेक ओळ तशीच होती, जशी खलाशाची असते: कुर्स ४०, कुर्स ११५, वारा अमुक, इतके मैल. आणि २१ ऑक्टोबरच्या तारखेला दोनच शब्द आणि दोनच आकडे. कुर्स ८६. कमी ५६००.

मी नावाड्याची मुलगी आहे. आमच्या घरात कुर्स म्हणजे बोटीचं तोंड कुठल्या अंशावर आहे ते, दुसरा अर्थ मला कधी लागलाच नाही. मी नकाशा काढला, पट्टी ठेवली आणि आमच्या बंदरापासून शहाऐंशी अंशांवर रेघ ओढली. जवळपास सरळ पूर्वेला. रेघ सामुद्रधुनी ओलांडून लांगेलान बेटाच्या काठाला लागली, राउन्सनेस गावाच्या धक्क्यावर. तिथे कोण राहतं ते तुला माहीत नाही. मारेन राहते. ती आणि मी एका बाकावर बसून शाळा शिकलो. ती माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभी होती. आणि माझ्या आधी ओलुफ तिच्याबरोबर नाचायचा, हे अख्ख्या बेटाला माहीत होतं.

रात्रभर न आलेला नवरा, त्याची दिशा आणि कमी झालेले पैसे. मला पुढचं कुणी सांगायची गरज वाटली नाही. मी मारेनला पत्र लिहिणं बंद केलं. तिची दोन पत्रं आली, ती मी न उघडता चुलीत घातली. तिसरं आलं नाही. ओलुफला मी एका शब्दाने विचारलं नाही. पंधरा वर्षं त्याला जेवायला वाढलं, त्याचे मोजे विणले, आणि मनात त्याला रोज दोषी धरलं. तो म्हणायचा, थीरा, तू पूर्वी हसायचीस. मी म्हणायचे, वय झालं.

अजून एक सांगायचं राहिलं. ६४ आणि ६५ च्या हिवाळ्यांत तो स्वेन्बोर्गच्या गोदीत डांबर लावायच्या कामाला गेला. मला वाटलं, घरापासून लांब राहायला निमित्त. काल मी बोट बांधणाऱ्याच्या पावत्या काढून बसले. चौतीस हजार चारशे एकदम दिलेत, आणि उरलेले थोडे थोडे करून त्या दोन हिवाळ्यांत. बेरीज केली. पाच हजार सहाशे. माणसाला त्या भावाचं गणित समजलं नव्हतं, आपण फसलो असं त्याला वाटलं, आणि मला सांगायची लाज वाटली. एवढंच होतं ते. दोन हिवाळे थंडीत डांबर लावून त्याने ते भरून काढलं, आणि मी त्याला कोरडा पावसुद्धा नीट वाढला नाही.

कागदावर शंभर छापलेले असतात आणि त्याच दिवशी त्याचे शहाऐंशी होतात, आणि दोन्ही खरं असतं. हे मी आज शिकले, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. ह्या एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर मी नुसती बसून राहिलेय. मला ती तेव्हा कळली असती तर.

थीरा


ओडेन्स, १८ जुलै १९८२

प्रिय काकू,

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं ही चूक केली. बोटीच्या शब्दावरून मी जो विनोद केला होता तो मला आठवला, आणि मी अर्धा तास तळघरात जाऊन बसले.

तुझं काम झालं. भाव छप्पन लागला, तेरा हजार चारशे चाळीस गेले. रोखे आले तेव्हा मी साहेबांना म्हटलं, ह्यांना रद्द करायची भोकं मी पाडते. लोखंडी यंत्रात कागद सरकवायचा आणि दांडा खाली ओढायचा. मी ते चोवीस वेळा केलं. काकू, आत्तापर्यंत मला वाटायचं की ह्या कागदांवर फक्त पैसे लिहिलेले असतात. आता प्रत्येक कागद सरकवताना वाटत होतं, ह्याच्या पाठीमागे कुणाचं घर असेल, कोण कुणाला काय विचारायचं राहून गेलं असेल. ह्या इमारतीत लाखभर घरांचे कागद आहेत. मला इथे पहिल्यांदाच हळू चालावंसं वाटलं.

तुझं घर मोकळं झालं. पण एक गोष्ट विचारू नकोस म्हणालीस तरी विचारते. मारेनबाई आहेत अजून?

तुझी,
बिर्गिट


स्टेनो, ९ ऑगस्ट १९८२

प्रिय बिर्गिट,

आहे. तीन दिवसांपूर्वी मी फेरीबोटीने लांगेलानला गेले आणि तिथून बसने राउन्सनेसला. घालायला चांगला कोट काढला होता, तो बसमध्ये काढून हातावर घेतला, कारण मला न्यायालयात चालल्यासारखं वाटायला लागलं.

मारेन धक्क्यावर ईल माशांना धुरी देते, नवऱ्याच्या मागे तिनेच ते चालू ठेवलंय. ती धुरात पाठमोरी उभी होती. वळली. म्हातारी झाली होती, आणि ते होताना मी पाहिलं नाही याचं मला इतकं वाईट वाटलं की मी पाठ केलेलं सगळं विसरले. तिने हात पुसले, मला बाकावर बसवलं, कॉफी दिली आणि काहीच विचारलं नाही. तिच्यात हा गुण पूर्वी नव्हता.

मी सगळं सांगितलं. नोंदवही, नकाशा, पट्टी, तुझे रोखे, शंभराचे शहाऐंशी. ते समजावताना मला तुझीच वाक्यं वापरावी लागली, आणि तरी दोनदा अडखळले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "पाच हजार सहाशे? थीरा, माझी एवढी किंमत आजपर्यंत कुणी लावली नव्हती."

मग ती हसली आणि मग हसता हसता रडली, आणि मला ते बघवेना. मी विचारलं, मी लिहिणं का बंद केलं असं तुला वाटलं होतं? ती म्हणाली की तिने ओलुफच्या नव्या बोटीला नावं ठेवली होती, एवढ्याशा बेटाला एवढी मोठी बोट कशाला म्हणाली होती, आणि मला ते लागलं असावं. मला ते वाक्य आठवतसुद्धा नाही. सतरा वर्षं ती त्या एका वाक्याबद्दल स्वतःला बोल लावत होती. ओलुफच्या दफनाला ती आली होती, बिर्गिट. भिंतीच्या बाहेर उभी राहिली, कारण आत बोलावलेलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, तुझ्या दोन पत्रांत काय होतं? ती म्हणाली, "पहिल्यात बोटीबद्दल माफी होती. दुसऱ्यात पहिल्या पत्राचं उत्तर का नाही ते विचारलं होतं."

नंतर तिने मला एकच प्रश्न विचारला. ओलुफला सांगितलंस? मी म्हटलं, त्याला जाऊन दोन वर्षं झाली. ती म्हणाली, "तेवढं मलाही माहीत आहे. सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. तिने एप्रन सोडला, धुरीखोलीचं दार लावलं आणि म्हणाली चल.

आम्ही त्याच दिवशीच्या फेरीने इथे आलो. रस्त्यात मी तिला सांगत होते की घराचं कर्ज मी अर्ध्या पैशांत सोडवलं, आणि ती म्हणाली की बाकीचं मात्र पूर्ण शंभराने सोडवावं लागणार.

कबरस्तानात कुणी नव्हतं, फक्त वाटेवरची वाळू दाताळ्याने ओढणारा माणूस. मी ओलुफच्या दगडासमोर उभी राहिले आणि त्याच्यावरची धूळ हाताने झाडली. पंधरा वर्षं ज्याला विचारायला हवं होतं त्याला आता काय सांगायचं? मारेन थोडा वेळ मागे थांबली, मग पुढे आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि दगडाकडे बघून मोठ्याने म्हणाली, "ओलुफ, ही म्हणते तिचं चुकलं. आणि म्हणते की गोदीतलं तिला माहीत नव्हतं."

बिर्गिट, तुला सांगते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही कोण माझ्या नवऱ्याशी माझ्या आधी बोलणारी? सतरा वर्षांत आला नव्हता असा राग आला, चांगला स्वच्छ राग, आणि तो कशाचा आहे हे कळल्याबरोबर मला हसू फुटलं. इतकं की वाळू ओढणाऱ्या माणसाने काम थांबवून आमच्याकडे पाहिलं. मारेनही हसायला लागली. ओलुफ म्हणायचा तसं, पूर्वीसारखं मी हसले, हे मला नंतर कळलं.

मग मी तिला कोपराने बाजूला सारलं आणि उरलेलं त्याला मीच सांगितलं.

तुझी,
थीराकाकू